अर्धा तास तोंडात काही नको

३ फेब्रुवारी, सोमवार

मापांच्या वहीची मागची पानं कोरी आहेत, त्यांवर लिहितो आहे. पुढून लोकांच्या खिडक्या-दारांची मापं, मागून माझं. गावातल्या शाळेत आमचे गुरुजी सांगायचे, डोकं गढूळ झालं की आधी डोळ्यांनी पाहिलं ते लिहावं, वाटलं ते नंतर. म्हणून आधी पाहिलेलं.

आज दुकानात एक मुलगी आली. चोवीस-पंचवीसची असेल. दादा पुढे गिऱ्हाइकाशी बोलत होता, मी मागे चौकटीला रंधा मारत होतो. आमचं असंच चालतं, तो बोलतो आणि मी लाकूड पाहतो. आम्ही जुळे. तो पंधरा मिनिटांनी मोठा, म्हणून तो दादा. लोक त्याला थोरले मिस्त्री म्हणतात, मला धाकटे. लहानपणी आई ओळखायला माझ्या पायात काळा दोरा बांधायची, इतके आम्ही सारखे. आता त्याला जाड चष्मा आणि बारीक मिशी, मला चष्मा नाही आणि मिशी झुपकेदार, एवढाच फरक.

गिऱ्हाईक जाईपर्यंत मुलगी थांबली. मग म्हणाली, "थोरले मिस्त्री तुम्हीच ना? माझी आई दोन महिन्यांपूर्वी गेली. जाताना तिने तुमचं नाव सांगितलं. मला तुमच्याकडून काही नको. तुम्ही माझे वडील आहात की नाही, एवढं सांगा."

रंधा माझ्या हातातच राहिला. दादा हसला. "आई कोण तुझी?" मुलीने नाव सांगितलं, गाव सांगितलं. दादा म्हणाला, "अशा कुठल्याही बाईला मी ओळखत नाही, पोरी."

वहिनी चहा घेऊन आल्या होत्या, त्यांनी सगळं ऐकलं. कप खाली ठेवून म्हणाल्या, "मग तपासणी करून टाका. हल्ली गालातून कापूस फिरवतात आणि सांगतात. तुम्ही काही केलंच नसेल तर तेवढ्याने काय बिघडतंय?"

"करू की! एकदा काय, दहादा करू," दादा म्हणाला.

मुलीने फळीच्या तुकड्यावर आमच्याच पेन्सिलीने फोन नंबर लिहून दिला आणि गेली. मग दादा मागे माझ्याजवळ आला. खिशातून पेपरमिंटची डबी काढली, एक गोळी तोंडात टाकली.

"तिने नंबर कुठल्या हाताने लिहिला रे?"

"डाव्या."

"हं," म्हणाला आणि पुढे निघून गेला. हात विचारण्यात काय होतं, मला कळलं नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

देवापुढे बसलो होतो, पण लक्ष लागलं नाही. काल दुपारी दादाने जे मागितलं त्याला मी हो म्हणालो आहे.

तो म्हणाला, "मंगळवारी माझ्याऐवजी तू जा."

"मी कशाला?"

"तुझं तिच्याशी काही जुळणारच नाही. 'नाही' असा कागद येईल. पोर आपल्या वाटेने जाईल, तुझ्या वहिनीचं तोंड बंद होईल."

"मग तूच जा की. तुझंही जुळणार नाही."

दादाने डबी उघडली, बंद केली. "मला सुईची भीती वाटते."

"सुई नसते म्हणे. कापूस असतो."

"कापसाचीही वाटते," म्हणाला. मला हसू आलं, त्याला आलं नाही.

मी हो का म्हणालो? शाळेत माझ्या वाट्याच्या छड्या त्याने खाल्ल्या आहेत. गुरुजींनी "धाकटा कोण?" म्हटलं की तो हात पुढे करायचा. त्यांना कधी कळलं नाही. तोंडी परीक्षा मी त्याच्यासाठी दोनदा दिली, तेही कुणाला कळलं नाही. आम्ही लहानपणापासून एकमेकांच्या जागी उभे राहत आलो. पण तेव्हा मी देवाची परवानगी मागायचो आणि ती मिळाल्यासारखं वाटायचं. आज मागितली, तर काहीच वाटलं नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

कालचं लिहितो. सकाळी मिशी दादासारखी बारीक केली. घरातून बायको म्हणाली, "आज काय विशेष?" मी म्हटलं, भुसा अडकतो. बायकोशी खोटं बोललो, त्याची सुरुवात मिशीपासून झाली.

तपासणीची जागा दुसऱ्या मजल्यावर आहे. पांढऱ्या भिंती, चार खुर्च्या, पाण्याचं पिंप, भिंतीवर मोठं घड्याळ. नमुना घेणाऱ्या बाई माझ्याच वयाच्या, बोलायला कडक. मुलगी आधीच येऊन बसली होती. बाईंनी दादाचं ओळखपत्र घेतलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा ओळखपत्राकडे पाहिलं. दादाचा चष्मा घालून मला सगळं पाण्यात बुडाल्यासारखं दिसत होतं. त्यांनी फोटो काढला, संमतीचा कागद वाचून दाखवला, त्यावर दादाची सही मी केली. मग म्हणाल्या, "डावा अंगठा." शाई लावून ठसा घेतला. "हे काय, तिरपी रेघ?"

"पटाशी लागली होती. एकोणीस वर्षांचा होतो."

"बरं. गेल्या अर्ध्या तासात काही खाल्लंत, प्यायलात?"

मी लवंग चघळत आलो होतो. भीती वाटली की मी लवंग तोंडात टाकतो. बाईंनी कपाळावर आठ्या घातल्या. "चूळ भरा आणि अर्धा तास बसा. तोंडात काही नको. तुमचंच हवं आम्हाला, लवंगेचं नको."

तो अर्धा तास मी आणि ती मुलगी शेजारी शेजारी बसलो. थोड्या वेळाने ती म्हणाली, "परवा दुकानात खूप बोलत होतात. आज गप्प?"

"तोंडात काही नको म्हणाल्या ना."

"शब्द चालतात," ती हसून म्हणाली. मी हसलो नाही. तिला वाटलं मी रागावलोय. मग ती सांगत बसली. आई शिवणकाम करायची. ती स्वतः चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. बोलता बोलता तिने माझ्याकडे निरखून पाहिलं.

"हा चष्मा किती वर्षं वापरता?"

"बरीच झाली."

"नाकावर वळ नाही तुमच्या."

मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. ती वडिलांशेजारी बसलेय असं समजून बसली होती आणि तिथे मी होतो. एवढी लाज मला कधी वाटली नाही.

मग बाईंनी नवे हातमोजे घातले. काडीच्या टोकाला कापूस. तो उजव्या गालाला आतून घासला, तोंडातच गोल गोल फिरवत, सावकाश, मनात आकडे मोजत. मग दुसरी काडी डाव्या गालाला. मुलीच्या वेळी हातमोजे बदलले. काड्या वाऱ्यावर वाळू दिल्या आणि कागदाच्या पाकिटांत घातल्या. मी विचारलं, प्लास्टिकची पिशवी नाही वापरत? म्हणाल्या, "प्लास्टिकमध्ये ओल राहते, बुरशी धरते, नमुना कुजतो." लाकडाचंही असंच. ओलं सागवान प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवणाऱ्या माणसाला मी एकदा बोललो होतो. बाईंचं काम मला आवडलं. प्रत्येक पाकिटावर नाव, तारीख, वेळ, वर चिकटपट्टी, आणि अर्धी पट्टीवर, अर्धी कागदावर अशी सही, म्हणजे मधे कुणी उघडलं तर सही तुटेल.

इतक्या नीट कामाच्या मधोमध आतला माणूसच खोटा होता.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आज पाकीट आलं. एक दादाला, एक मुलीला.

दादाने वाचलं आणि कागद माझ्या हातात दिला. वीसेक ओळी. प्रत्येक ओळीत मुलीचे दोन आकडे, शेजारी दोन आकडे तपासलेल्या माणसाचे. खाली लिहिलंय, प्रत्येक ठिकाणी मुलीचा एक आकडा आईकडून आलेला असतो आणि एक बापाकडून. मी पेन्सिल घेऊन एकेक ओळ तपासली, जसं चौकटीच्या सांध्यात कूस आणि भोक जुळतं का पाहतो तसं. सगळ्या जुळल्या. एकही नाही सुटली. शेवटी शब्द: पितृत्वाची शक्यता ९९.९९ टक्क्यांहून अधिक.

हा माझ्या गालाचा कापूस होता.

दादाचा चेहरा आधी पांढरा पडला, मग त्यावर रंग आला. "अरे," म्हणाला, "मी तर तिथे गेलोच नव्हतो. नमुना तुझा. जुळला तुझा."

"दादा, मी त्या बाईला कधी पाहिलंही नाही."

"मग हा कागद खोटं बोलतोय? मशीनला तुझ्याशी काय वैर?" खुर्चीत बसला, हसायला लागला, डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. "आणि मी आपला इतकी वर्षं उगाच…" म्हणाला आणि थांबला.

"उगाच काय?"

"काही नाही," म्हणाला आणि गोळी तोंडात टाकली.

मला काही कळत नाही. मी लग्नाआधी आणि लग्नानंतर एकाच बाईचा आहे. हे देवाला ठाऊक आहे आणि मला ठाऊक आहे. मग तिसरा कोण, ज्याने हे आकडे लिहिले?

२६ फेब्रुवारी, बुधवार

एकच गोष्ट सुचते. मी त्याचं नाव घेऊन गेलो, त्याचा चष्मा घातला, त्याची सही केली. देवाने म्हटलं असेल, घे मग सगळंच त्याचं. पण त्याचं तरी काय? तो म्हणतो त्याचं काहीच नव्हतं.

दुसरं सुचतं ते याहून वाईट. पंचवीस वर्षांपूर्वी दादा आठ महिने परगावी होता, एका शाळेच्या इमारतीच्या खिडक्या बसवायला. त्याच वेळी मी इथे विषमज्वराने दीड महिना पडून होतो. मुलीचं गाव म्हणजे ते शाळेचं गाव. तापात मला कितीक दिवस आठवत नाहीत. तापात माणूस चालत कुठे जातो का? एस.टी.ने पाच तास लागतात. तापात तिकीट कोण काढेल?

लिहिताना वेडेपणा वाटतो. तरी पानावर बोट ठेवून दिवस मोजले.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

घरात कळलं. दादाने वहिनींना सांगितलं, नमुना धाकट्याचा होता. वहिनींनी ते माझ्या बायकोला सांगितलं. म्हणजे मी तिच्याशी मिशीबद्दल खोटं बोललो, हे आणि ते एकदमच तिच्या कानावर गेलं.

वहिनी दुकानात आल्या. "भाऊजी, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. घरात देव देव आणि बाहेर हे?" कागद त्यांच्या हातात होता.

घरी गेलो. बायको पोळपाट धूत होती. पाठमोरीच म्हणाली, "मी ओरडणार नाही. फक्त सांगा, कधी?"

"कधीच नाही."

"मग कागदावर कसं?"

"मला माहीत नाही."

"तुम्हाला माहीत नाही, मला माहीत नाही, मग कुणाला माहीत आहे?" तिने पोळपाट भिंतीला टेकवला, जोरात नाही, पण तो घसरून पडला. तिने उचलला नाही. मी उचलला.

सव्वीस वर्षांच्या संसारात तिने मला कधी एवढ्या लांबून पाहिलं नव्हतं.

१ मार्च, शनिवार

सकाळी देवापुढे काही मागितलं नाही. फक्त म्हटलं, खोटं मी केलं आहे ते जाऊन सांगतो, पुढचं तुझं.

तपासणीच्या जागी गेलो. स्वतःचं ओळखपत्र बाईंसमोर ठेवलं आणि सगळं सांगितलं. बाई आधी भयंकर रागावल्या. "मी सही घेते, फोटो घेते, ठसा घेते, ते कशासाठी? खेळ वाटला?" मग अचानक थांबल्या. चष्मा काढला.

"भाऊ म्हणालात. दिसायला किती सारखे?"

"आई पायात दोरा बांधायची."

बाई हसायलाच लागल्या, आणि हसू थांबवून म्हणाल्या, "अहो मिस्त्री, तुम्ही गेलात काय आणि ते गेले काय!"

त्यांनी समजावलं, मी समजलो तेवढं लिहितो. आईच्या पोटात आम्ही आधी एकच होतो, मग दोन झालो. म्हणून या वीस ओळींचे आकडे दोघांचे तेच. मी म्हटलं, म्हणजे एक ओंडका मधोमध चिरला की दोन्ही फळ्यांवर समोरासमोर तीच नक्षी निघते, तसं? "अगदी तसं," म्हणाल्या. नेहमीच्या तपासणीला आमच्यातला फरक दिसतच नाही.

"मग आमच्यात फरक कशात आहे?"

बाईंनी माझं जुनं कागदपत्र काढलं, अंगठ्याच्या ठशावर बोट ठेवलं. "यात. तुमच्या रेघा तुमच्या, त्यांच्या त्यांच्या. आणि ही पटाशीची."

मग म्हणाल्या, "हा नमुना रद्द. तुमच्या भावाला स्वतः यावं लागेल. पण खरं सांगू का? त्यांचा घेतला तरी कागद एवढंच म्हणेल, दोघांपैकी एक. पुढचं मशीन सांगू शकत नाही. पुढचं माणसाने सांगायचं."

२ मार्च, रविवार

बायकोला सगळं सांगितलं, ओंडका, फळ्या, अंगठा. तिने माझा डावा अंगठा हातात घेऊन बराच वेळ पाहिला.

मी म्हटलं, "पण गोंधळ तसाच आहे. बाई म्हणतात दोघांपैकी एक. मी तर नव्हे. दादा म्हणतो तोही नव्हे."

ती माझ्याकडे पाहतच राहिली. मग कागद कळल्यापासून पहिल्यांदा हसली. "अहो, दोनातून एक गेला तर किती राहतो?"

"पण दादा म्हणतो…"

"कठीण आहे तुमचं," म्हणाली आणि जाऊबाईंकडे गेली. किती वेळ बसली होती, काय बोलल्या, मला सांगितलं नाही. आज संध्याकाळी वहिनी दुकानात आल्या तेव्हा माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "भाऊजी, चुकले मी."

४ मार्च, मंगळवार

चष्म्याच्या दुकानात गेलो. ती एका म्हातारबाबांच्या चष्म्याची दांडी वाकवत होती, डाव्या हाताने. मी उभा राहिलो.

"मी तो नाही," म्हटलं. "त्या दिवशी तुझ्या शेजारी बसलो तो मी धाकटा. मला क्षमा कर."

"ठाऊक होतं. नाकावर वळ नव्हता," ती म्हणाली. "फक्त 'कोण' ते कळत नव्हतं."

मी बाईंचं सगळं सांगितलं. ती ऐकत होती, मग हळूच म्हणाली, "म्हणजे कागद काही म्हणाला तरी मला पहिल्या दिवशी विचारलं तेच परत विचारावं लागणार."

"मी आणतो त्याला."

"तुम्ही नका आणू, काका. त्यांना येऊ द्या."

काका ती दुकानातल्या कुणालाही म्हणत असेल. तरी घरी येईपर्यंत तो शब्द माझ्याबरोबर होता.

११ मार्च, मंगळवार

कालचं लिहितो.

वहिनींनी दादाला तपासणीला आणलं. स्वतः मात्र वर आल्या नाहीत. जिन्यात पायरीवर बसल्या, भिंतीकडे तोंड करून. मी साक्षीला म्हणून वर होतो, बाईंनी माझी सही मागितली होती. मुलगी आधीच बसली होती, त्याच खुर्चीत.

दादाचा फोटो झाला, अंगठा झाला. त्याच्या अंगठ्यावर रेघ नव्हती. बाईंनी विचारलं, "अर्ध्या तासात काही खाल्लं?" दादाने जीभ फिरवली. "एक गोळी." "चूळ भरा, बसा."

वीस मिनिटं झाली आणि मी डबीचा आवाज ऐकला. बाईंनीही ऐकला. "थोरले मिस्त्री, पहिल्यापासून." तो बसला. पंधरा मिनिटांनी परत डबी. बाई बाहेर आल्या, घड्याळाकडे पाहिलं. "असं करत बसलात तर मी सहाला दार लावते. मग परत या."

मला वाटलं त्याला सवय आहे, हात आपोआप जातो. त्याला तसं सांगणारही होतो.

तेवढ्यात मुलगी उठली. त्याच्या समोर हात धरला. "द्या ती डबी इकडे."

दादाने दिली. पकडलेल्या पोराने हातातला खडू गुरुजींना द्यावा तशी दिली. ती त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसली, डबी डाव्या मुठीत धरून. त्याच्याकडे वळून पाहिलं.

"चष्मा मात्र तुमचाच आहे," ती म्हणाली. "नाकावर खोल वळ आहे."

माझा दादा, जो गिऱ्हाइकाला फळी विकताना तासभर बोलतो, तो घड्याळाकडे पाहत बसला. पाच मिनिटं. सात. मी उठून पाण्याच्या पिंपाजवळ जाऊन उभा राहिलो, उगाच.

मग मला त्याचा आवाज आला. शब्द नाही, नुसता आवाज, खालचा. मी त्याचा तसला आवाज आई गेली तेव्हा ऐकला होता. त्याने दोन्ही हात उचलून हवेत एक चौकोन केला, खिडकीएवढा, आणि त्या चौकोनापलीकडे कुणीतरी बसलं आहे असं बोट दाखवलं. मग बोटांनी शिलाई मारल्यासारखं केलं, डाव्या हाताने. मुलगी मान हलवत होती. एकदा तिने डोळे पुसले, पण मूठ उघडली नाही.

मी आता दोनातून एक वजा केला. अजूनही नीट येत नाही, पण केला.

बाई हातमोजे घालून दारात आल्या. "चला, अर्धा तास झाला."

"थोडं बसू द्या आम्हाला," मुलगी म्हणाली.

बाईंनी दोघांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हातमोजे काढले आणि आत गेल्या.

मी जिन्यात जाऊन वहिनींच्या एक पायरी खाली बसलो. त्यांनी विचारलं, "बोलतायत?" मी म्हटलं, "बोलतोय." त्यांनी भिंतीवरून तोंड वळवलं नाही, पण बराच वेळ रोखून धरलेला श्वास सोडला.

परत वर डोकावलो तेव्हा घड्याळात पन्नास मिनिटं झाली होती. डबी तिच्या मुठीतच होती. दादाने ती मागितली नव्हती.